संगणकात उभारलेला स्नायू

स्मरणिका हाती घेणाऱ्या वाचकास आठवणींची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. तरीही काही पाने आम्ही विज्ञानातील एका विषयासाठी मागून घेतली आहेत. याची कारणे दोन. पहिले असे की, हा विषय आपल्या शरीरातील अशा एका व्यवहाराचा आहे, ज्याविषयी आपण घरातदेखील मोकळेपणाने बोलत नाही आणि म्हणून दुखणे अंगावर काढतो. दुसरे कारण असे की, या विषयाचा अभ्यास ज्या साधनांनी केला जातो, ती आता मोठ्या प्रयोगशाळांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाताशी ती येऊ शकतात. संगणकात स्नायूची ऊती पुन्हा उभारणे आणि तिच्या आधारे चेतातंतू व स्नायू यांचे नाते समजून घेणे, हा तो विषय होय.

गाडीपासून आरंभ

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात ज्या घरातील कोणाचाच कारखान्याशी संबंध नाही, असे घर आपल्या वाचकांत विरळाच असेल. ज्यांना डिझाइन विभागाची थोडी ओळख आहे त्यांना ठाऊक असते की, नवी मोटार रस्त्यावर येण्यापूर्वी संगणकात कित्येकदा भिंतीवर आदळलेली असते. पत्रा, वेल्डिंग, आसने, चालकाच्या जागी बसविलेला पुतळा, हे सारे आकड्यांच्या रूपात उभे केलेले असते. अखंड पत्र्याचे अगणित बारीक तुकडे कल्पिले जातात. या जाळीला अभियंते मेश म्हणतात. एका तुकड्यावर जोर आला की त्याने शेजारच्या तुकड्याशी कसे वागावे, याचा नियम आधी लिहून दिलेला असतो. संगणक काळाची अगदी लहान लहान पावले टाकीत प्रत्येक तुकड्याची स्थिती मोजत जातो आणि शेवटी कोणता खांब वाकला, कोणता सांधा सुटला हे दिसू लागते.

परंतु काम तेथे संपत नाही. त्यानंतर खरी गाडी खऱ्या भिंतीवर आदळवून पाहतात आणि दोन्ही निकाल ताडून पाहतात. ते जुळले नाहीत, तर चूक संगणकातील गाडीची असते, खऱ्या गाडीची नव्हे. ही एक गोष्ट वाचकांनी मनात जपून ठेवावी. पुढील सर्व विवेचनाचा आधार तीच आहे.

गाडीऐवजी स्नायूचा तुकडा घेतला तर काय होईल? पत्र्याच्या तुकड्याऐवजी पेशी येतील, जोराऐवजी विद्युतप्रवाह येईल आणि भिंतीच्या धडकेऐवजी चेतातंतूकडून आलेला संदेश येईल. पद्धत मात्र तीच राहील.

चेता आणि स्नायू यांची भेट

शाळेत आपण शिकलो की स्नायू तीन प्रकारचे असतात: पट्टकी, अपट्टकी आणि हृद्स्नायू. हातोडा उचलणारा, पेन धरणारा स्नायू पट्टकी. तो आपल्या इच्छेप्रमाणे चालतो. त्याच्या प्रत्येक तंतूपाशी मेरुरज्जूतून निघालेल्या चेतातंतूची एक शाखा येऊन थांबते. थांबते असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण ती स्नायूला चिकटत नाही. दोघांमध्ये एक फट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी, परंतु विजेच्या दृष्टीने ती खंडच होय. या खंडावरून संदेश जातो तो रसायनाच्या रूपाने. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. संदेश आला की त्यांपैकी काही फुटतात, द्रव्य फट ओलांडते आणि स्नायूच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना जाऊन भिडते. ती दारे उघडली की स्नायूत विजेची उसळी उठते आणि तो आकुंचन पावतो. वापरलेले द्रव्य एक विकर लगेच मोडून टाकते. हे सारे हजारांश सेकंदांच्या हिशोबात घडते.

या पिशव्या ठरावीक मापाच्या असतात, म्हणजे संदेश सुट्या थेंबांनी नव्हे तर मोजून बांधलेल्या पुड्यांनी पोहोचतो, हे बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिले. कॅट्झ यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही फट किती नाजूक आहे, हे खेड, जुन्नर, मावळ या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांना पुस्तकाविना ठाऊक आहे. नागाच्या विषातील घटक स्नायूच्या बाजूची दारे अडवून बसतात. मण्यारीच्या विषातील प्रमुख घटक चेतातंतूच्या टोकाचीच नासधूस करतात. बाहेरून पाहता दोन्ही रुग्ण सारखे दिसतात: पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायूही थांबतात. परंतु फटीतील ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारे निओस्टिग्मीन हे औषध नागदंशात उपयोगी पडते, तर मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा धरता येत नाही. कारण उघड आहे. दारे अडलेली असतील तर द्रव्य अधिक वेळ टिकवून काही दारे जिंकता येतात, परंतु द्रव्य सोडणारे टोकच निकामी झाले तर टिकवायचे काय? म्हणून प्रतिविष आणि वेळेवर मिळालेला कृत्रिम श्वास यांनाच महत्त्व. पुणे-नाशिक मार्गावरील गावांना नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांचे सर्पदंशावरील कार्य परिचित आहे. मांत्रिकाकडे घालविलेला एक तास रुग्णाला का परवडत नाही, याचे उत्तर या फटीत दडलेले आहे.

ज्या स्नायूबद्दल आपण बोलत नाही

आता अपट्टकी स्नायूकडे वळू. आतडे, रक्तवाहिन्या, गर्भाशय, मूत्राशय यांच्या भिंतींत तो असतो. आपल्या थेट हुकमावाचून तो काम करतो आणि म्हणूनच तो बिघडेपर्यंत आपल्याला त्याची आठवण होत नाही.

मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायूला डेट्रुसर म्हणतात. मूत्राशय भरत असताना त्याने तासन्‌तास शांत राहावे आणि योग्य वेळी सर्वांनी मिळून एकदम आकुंचन पावावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. ही शिस्त मोडली की थोड्या थोड्या वेळाने, अनावर घाईने लघवीला जावे लागते आणि कधी वाटेतच कपडे ओले होतात. वाढते वय, मधुमेह, मणक्याची दुखापत, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, स्त्रियांत बाळंतपणाचे परिणाम अशा अनेक परिस्थितींत हा त्रास संभवतो. घरातील वृद्ध माणूस लग्नकार्याला जाण्याचे टाळू लागतो, आजी एसटीचा लांबचा प्रवास नको म्हणते, रात्रपाळीहून आलेला कामगार झोपेतून पुन:पुन्हा उठतो. कारण विचारले तर उत्तर मिळत नाही. लाज वाटते. वस्तुतः हा चारित्र्याचा किंवा संयमाचा दोष नव्हे. हा पेशी आणि चेतातंतू यांच्यातील संदेशवहनाचा बिघाड आहे आणि त्यावर डॉक्टरांशी बोलता येते.

या विकारावरील औषधांचा एक मोठा गट ॲसिटिलकोलीनचा संदेश अडविण्याचे काम करतो. पण तोच संदेश लाळग्रंथींत आणि आतड्यांतही चालतो. त्यामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि बरेच रुग्ण औषध मध्येच सोडतात. अधिक नेमके औषध हवे असेल, तर या स्नायूत बिघाड नेमका कोठे होतो हे आधी कळले पाहिजे. संगणकातील स्नायूची गरज येथून सुरू होते.

हा स्नायू निराळा का?

हाताच्या स्नायूत प्रत्येक तंतू स्वतंत्र असतो आणि त्याला स्वतःचा संदेशवाहक मिळालेला असतो. डेट्रुसरची रचना तशी नाही. तेथील पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि केसाहूनही कितीतरी बारीक असतात. चेतातंतू त्यांच्यामधून जाताना एखाद्या माळेसारखा दिसतो. त्यावर ठिकठिकाणी मण्यांसारखे फुगवटे असतात आणि त्या फुगवट्यांतून रसायन सुटते. येथे ॲसिटिलकोलीनबरोबर एटीपी हे द्रव्यही संदेश नेते. शिवाय शेजारच्या पेशी एकमेकींशी गॅप जंक्शन नावाच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात. एका पेशीतील वीज या नळ्यांतून दुसरीत झिरपते. अशा जोडलेल्या पेशीसमूहाला सिन्सिशियम असे नाव आहे.

यामुळे निरीक्षकाची मोठी पंचाईत होते. उंदराच्या मूत्राशयाचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील एका पेशीत काचेचे अतिशय बारीक टोक असलेला विद्युदग्र घातला, तर त्या पेशीतील विजेचे चढउतार मोजता येतात. बाहेरून कोणताही संदेश दिलेला नसतानाही त्यात लहान लहरी उठतात आणि मधूनच मोठी उसळी येते. परंतु या उसळ्या एका छापाच्या नसतात. काही पायापासून एकदम वर चढतात, काही आधी हळूहळू सरकतात, काहींच्या खांद्यावर उंचवटा असतो. याचा अर्थ पेशींचे प्रकार वेगवेगळे आहेत काय? की पेशी एकसारख्याच असून आपण जे मोजतो ते शेजाऱ्यांच्या गलबल्याने बदललेले असते? विद्युदग्र एका पेशीत असतो. त्याच क्षणी आजूबाजूच्या शेकडो पेशींत काय चालले आहे, हे तो सांगू शकत नाही.

पवईतील काम

आपल्या राज्यातच, मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मुंबईत, प्राध्यापक रोहित मनचंदा यांच्या गटाने या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. प्रत्यक्ष पेशींवरील प्रयोगांत ब्रिटनमधील शास्त्रज्ञ कीथ ब्रेन यांचे सहकार्य त्यांना लाभले. या गटातील शैलेश अप्पुकुट्टन यांनी सहकाऱ्यांसह डेट्रुसरच्या सिन्सिशियमचे संगणकीय मॉडेल २०१५ साली प्रसिद्ध केले. चित्तरंजन महापात्रा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मूत्राशयातील एका पेशीच्या उसळीचे सविस्तर मॉडेल २०१८ साली मांडले.

असे मॉडेल कसे उभे राहते ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी एका पेशीची. पेशीचे आवरण वीज साठवून ठेवते, म्हणजे ते कपॅसिटरसारखे वागते. त्या आवरणात प्रथिनांची बनलेली दारे असतात. काही कॅल्शियमला आत घेतात, काही पोटॅशियमला बाहेर सोडतात. प्रत्येक दार म्हणजे एक रेझिस्टन्स, परंतु आवरणावरील विभव बदलला की स्वतःचे मूल्य बदलणारा. आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम केलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना ही आकृती क्षणात काढता येईल. या दारांचे गणित मांडण्याची रीत ॲलन हॉजकिन आणि अँड्रयू हक्सले यांनी १९५२ साली माकूळ या सागरी जीवाच्या जाड चेतातंतूवरून घालून दिली. त्या वेळी केंब्रिजचा संगणक उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सले यांनी हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर ती समीकरणे सोडविली. जे काम त्यांना दिवसेंदिवस पुरले, ते आजचा साधा लॅपटॉप पापणी लवण्याच्या आत करतो.

दुसरी पायरी लांबीची. पेशी लांबट असल्यामुळे एका टोकाची वीज दुसऱ्या टोकाला पोहोचताना क्षीण होते. याचे गणितही जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकताना संदेश वाटेत किती विरतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी मांडले होते. तेच सूत्र पुढे चेतातंतूंना लावले गेले. समुद्रातील तार आणि शरीरातील तंतू एकाच नियमाने बांधलेले निघाले.

तिसरी पायरी जोडणीची. अशी एक पेशी तयार झाली की तिच्या प्रती घडवून त्या तिन्ही दिशांना मांडायच्या आणि शेजाऱ्यांना ठरावीक रेझिस्टन्सने जोडायचे. हे रेझिस्टन्स म्हणजेच गॅप जंक्शन. चेतातंतूच्या फुगवट्यांच्या जागी, यदृच्छेने निवडलेल्या पेशींवर आणि क्षणांना, रसायनाच्या पुड्या फुटल्याचा परिणाम घडवून आणायचा. मग कोणत्याही पेशीत कल्पनेचा विद्युदग्र घालावा. खऱ्या तुकड्यात एकच पेशी मोजता येते, येथे सर्वच्या सर्व एकाच वेळी मोजता येतात.

या कामासाठी न्यूरॉन नावाची संगणक प्रणाली वापरली जाते. मायकेल हाइन्स, जॉन मूर आणि टेड कार्नेव्हाल ही तिच्याशी निगडित प्रमुख नावे. मूळची ती चेतापेशींसाठी बनलेली, परंतु विजेचे नियम तेच असल्यामुळे स्नायूलाही चालते. विशेष म्हणजे ती कोणालाही विनामूल्य मिळते.

मॉडेलने काय शिकविले

एक अनुभव आठवा. लोक एका रांगेत उभे असताना मागून धक्का आला, तर तो रांगेत बराच पुढे जातो. परंतु भरगच्च मैदानाच्या मध्यभागी तोच धक्का दिला, तर तो चहूबाजूंना वाटला जातो आणि चार-पाच माणसांपलीकडे कोणाला कळतही नाही. सिन्सिशियममध्ये विजेचे असेच होते. एका पेशीत ओतलेला प्रवाह तिन्ही दिशांच्या शेजाऱ्यांत वाटला जातो. त्यामुळे सुटी पेशी जेवढ्या प्रवाहाने सहज उसळते, तेवढ्याने जोडलेली पेशी जेमतेम हलते. शेजारी तिला जणू आवरून धरतात. मूत्राशय भरत असताना एखाददुसऱ्या फुगवट्यातून सुटलेल्या पुडीने संपूर्ण भिंत का आकुंचन पावत नाही, याचे एक उत्तर येथे मिळते.

मात्र हेच शेजारी दुसऱ्या प्रसंगी उसळीचे वाहकही होतात. एकाच भागातील अनेक पेशींत जवळजवळ एकाच वेळी लहरी उठल्या, तर कोणीच कोणाला आवरू शकत नाही आणि उसळी पसरत जाते. आवर आणि प्रसार, दोन्ही कामे त्याच नळ्या करतात. कोणते काम होईल हे नळ्यांची संख्या, त्यांचा रोध आणि लहरींची वेळ यांवर ठरते.

आता उसळ्यांच्या वेगवेगळ्या आकारांचा प्रश्न. २०१८ साली अप्पुकुट्टन, मनचंदा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी उंदराच्या डेट्रुसरमधील नोंदी आणि मॉडेल शेजारी शेजारी ठेवून हा प्रश्न तपासला. मॉडेलमध्ये सर्व पेशी एकसारख्या असतात. तरीही पेशीचे जाळ्यातील स्थान, उसळीचा उगम जवळचा की दूरचा, आणि समूहाचा आकार यांनुसार उसळीचे रूप पालटते. ज्या पेशीवर पुडी फुटली तिच्यात आधी रसायनाने उठविलेली लहर दिसते आणि तिच्या पाठीवर उसळी. जिच्यात उसळी शेजाऱ्याकडून आली तिच्यात ती निराळ्या पायावर उभी असते. म्हणजे आकारांतील विविधतेचा मोठा भाग समजावून सांगण्यास वेगवेगळ्या पेशी मानण्याची गरजच नाही. जाळ्याचा भाग असणे पुरेसे आहे.

याचे महत्त्व केवळ ज्ञानापुरते नाही. मूत्राशय अतिक्रियाशील का होतो, याविषयी दोन विचार आहेत. ऑक्सफर्डच्या ॲलिसन ब्रेडिंग यांनी १९९७ साली असे मांडले की, बिघाडाचे मूळ स्नायूतच असते: पेशी अधिक उत्तेजनशील होतात आणि उसळी त्यांच्यात अधिक सहज पसरते. दुसरा विचार दोष चेतासंस्थेकडे देतो. रुग्णाच्या शरीरात दोन्ही गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात, त्यामुळे त्या सुट्या करून पाहता येत नाहीत. मॉडेलमध्ये त्या सुट्या करता येतात. नळ्यांचा रोध तेवढाच कमी करून पाहावा, पुड्या तशाच ठेवाव्यात. मग उलट करावे. कोणत्या बदलाने खऱ्या रुग्ण ऊतीसारखे चित्र उमटते ते पाहावे. कोणते दार बंद केले असता उसळी थांबते हे आधी येथे तपासले, तर प्रत्यक्ष प्रयोगात आणि प्राण्यांच्या वापरात किती तरी फुकट खटपट वाचू शकते.

पुनर्रचनेची दुसरी वाट

वर सांगितलेली पद्धत नियमांपासून ऊतीकडे जाते. तिच्या उलट वाट छायाचित्रांपासून सुरू होते. ऊतीची सूक्ष्मदर्शकाखाली थरामागून थर छायाचित्रे घ्यायची आणि संगणकात ती एकावर एक रचून प्रत्येक तंतूचा माग काढायचा. हार्वर्ड विद्यापीठातील जेफ लिक्टमन यांच्या गटाने २००९ साली उंदराचा कान हलविणाऱ्या एका लहान स्नायूतील सर्व चेताजोडण्यांचा नकाशा असा तयार केला. त्यातून दिसले की, प्रत्येक स्नायूतील चेताशाखांची मांडणी वेगळी असते. एवढेच नव्हे, तर एकाच उंदराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे नकाशेही एकमेकांशी जुळत नाहीत. वंशाने दिलेला आराखडा एक असूनही प्रत्यक्ष तारजोडणी वाढत्या वयात ठरत जाते. नवजात उंदराच्या एकेका स्नायूतंतूवर अनेक चेताशाखा येऊन बसलेल्या असतात. त्यांच्यात जणू चढाओढ लागते आणि शेवटी एकच टिकते.

या दोन वाटा एकमेकींना पूरक आहेत. छायाचित्रांवरून कोण कोणाला जोडलेले आहे ते कळते, आणि समीकरणांवरून त्या जोडणीतून काय घडेल ते कळते. पहिल्याशिवाय दुसरे आंधळे, दुसऱ्याशिवाय पहिले मुके.

मर्यादा

येथवर वाचून कोणास वाटेल की आता औषध दूर नाही. असा समज आम्ही होऊ देऊ इच्छित नाही. या मॉडेलमधील पेशी उंदराच्या आहेत, माणसाच्या नव्हेत. अनेक आकडे वेगवेगळ्या प्रयोगांतून गोळा केलेले असतात आणि काही तर्काने धरावे लागतात. खऱ्या भिंतीत स्नायूबरोबर इतरही पेशी, संयोजी ऊती आणि रक्तवाहिन्या असतात. भरताना ती ताणली जाते आणि ताणामुळे विजेचे व्यवहारही बदलतात. मॉडेल हा उपचार नव्हे. तो प्रश्न नीट विचारण्याचा एक मार्ग आहे.

परंतु त्याचा खरा गुण याच मर्यादेत आहे. नुसते मत गोलमोल शब्दांत मांडता येते आणि कधीच खोटे ठरत नाही. मॉडेलला तशी सोय नसते. प्रत्येक गृहीत त्यात आकड्याने लिहावे लागते, इतरांनी तपासता येईल असे उघडे ठेवावे लागते, आणि खऱ्या ऊतीने नकार दिला तर ते मागे घ्यावे लागते. चाकणच्या गाडीबद्दल आरंभी आम्ही जे म्हटले तेच येथेही लागू आहे. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, तर मोजणीशी जुळले म्हणून मान्य करायचे.

आपल्यापुरते

पालकांना आणि वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे थोडे आहे. घरात कोणाला वारंवार किंवा अनावर लघवीचा त्रास असेल, तर तो वयाचा भोग म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे, मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. लघवीत रक्त दिसल्यास, जळजळ किंवा ताप असल्यास, पाठीला मार लागल्यानंतर त्रास सुरू झाल्यास किंवा लघवी अजिबात होत नसल्यास मुळीच उशीर करू नये. मुलगा किंवा मुलगी मोठ्या वयातही अंथरूण ओले करीत असेल तर तिला रागावू नये. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट दुप्पट जपली पाहिजे.

आणखी एक गोष्ट विज्ञानाच्या कक्षेबाहेरची, पण सांगितलीच पाहिजे. शिफ्टमध्ये लाइनवर उभ्या असलेल्या, बांधकामावर किंवा भाजीच्या गाडीवर दिवस काढणाऱ्या अनेक स्त्रिया स्वच्छतागृह जवळ नाही किंवा जाण्याची मोकळीक नाही म्हणून पाणी पिण्याचे टाळतात आणि तासन्‌तास लघवी रोखून धरतात. त्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण मिळते. संगणकातील कोणतेही मॉडेल यावर उपाय काढू शकणार नाही. त्यासाठी स्वच्छ, कुलूप न लावलेले स्वच्छतागृह आणि तेथे जाण्याची पाच मिनिटे लागतात. आमचे जे माजी विद्यार्थी आज सुपरवायझर आहेत, ठेकेदार आहेत, युनियनमध्ये आहेत, त्यांच्या हातात हे काम आहे.

विद्यार्थ्यांना मात्र आम्ही निराळेच सांगू. जीवशास्त्र पाठांतराचे आणि गणित हुशारांचे, अशी वाटणी आपल्याकडे अजून टिकून आहे. संगणकातील हा स्नायू ती वाटणी मोडतो. त्यात प्राणिशास्त्र आहे, वायरमनचा रेझिस्टन्स आहे, दहावीच्या भौतिकशास्त्रातील ओहमचा नियम आहे आणि प्रोग्रॅमिंगही आहे. न्यूरॉन प्रणाली विनामूल्य आहे. येल विद्यापीठाच्या मॉडेलडीबी या संग्रहात शास्त्रज्ञांनी आपली मॉडेले सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली घडविलेल्या परम ८००० सारखा महासंगणक लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षातील एका यंत्रावर एक पेशी उभी करता येते. नंतर दोन पेशी जोडून पाहाव्यात. पहिलीत प्रवाह सोडावा आणि दुसरीत किती पोहोचतो ते मोजावे. मधला रोध वाढवावा, पुन्हा मोजावे.

जो विद्यार्थी हे एकदा स्वतःच्या हाताने करील, त्याला चेता आणि स्नायू यांच्यातील फट परीक्षेपुरती आठवावी लागणार नाही. आणि पुढे कधी आजीने एसटीचा प्रवास नको म्हटले, तर ती तसे का म्हणते, हेही त्याच्या ध्यानात येईल.